चार रॉडचा एक गुंठा
(मावशीचा मळा : वाचकांचे प्रश्न)

मार्च लागला की माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अंड्यांचे ट्रे मांडले जातात. त्यात अंडी नसतात, बियाण्याचे बटाटे असतात, डोळे वर करून बसलेले. याच दिवसांत तुमच्या पत्रांचाही ढीग पडतो. इथे ब्रिटनमध्ये भाजी पिकवायला जमिनीचा तुकडा भाड्याने मिळतो, त्याला अलॉटमेंट म्हणतात. हिवाळाभर ज्यांना त्या अलॉटमेंटची आठवण नव्हती त्यांना पहिलं ऊन पडलं की एकदम मळा आठवतो. तक्रार नाही, मीही त्यातलीच. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. त्यातलं एक महत्त्वाचं आहे, त्यालाच जास्त जागा दिली.

मावशी, तीन वर्षं वेटिंग लिस्टवर काढल्यावर आम्हाला मिल्टन कीन्सला अर्धा प्लॉट मिळाला. कागदावर ‘पाच रॉड’ लिहिलंय. म्हणजे नक्की किती? बायको सोलापूरची, तिला मेथी, पावटा आणि दुधी हवाय. सगळीकडे गुडघाभर तण आहे. सुरुवात कुठून करू?

आधी मापाचं सांगते, कारण ते मला स्वतःला कळलं तेव्हा मी प्लॉटवरच हसले होते. रॉड म्हणजे जमीन मोजायचं जुनं इंग्रजी माप, प्लॉटच्या कागदावर ते चौरस रॉड समजायचे. एकरात १६० चौरस रॉड असतात आणि एकरात ४० गुंठे. म्हणजे चार रॉडचा बरोबर एक गुंठा. ना कमी, ना जास्त. इंग्रज आपल्याकडे मोजणीची साखळी घेऊन आला, त्याचा हा हिशेब. इथला जुना पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे अडीच गुंठे. तुमचा सव्वा गुंठा झाला. गावाकडे फोन करून सांगाल तेव्हा ‘रॉड’ म्हणू नका, सव्वा गुंठा म्हणा, लगेच समजेल.

आता तणाचं. सव्वा गुंठा पहिल्याच वर्षी साफ करायला जाल तर मे महिन्यात कंबर धरून बसाल आणि ऑगस्टमध्ये प्लॉट सोडाल. असे पुष्कळ पाहिले. तिसरा हिस्सा हातात घ्या. बाकीच्यावर जाड पुठ्ठे अंथरा (चिकटपट्टी आणि पिना काढून), वर कंपोस्ट टाका आणि विसरून जा. घरातला जुना गालिचा मात्र नेऊन टाकू नका. कुजला की त्याचे प्लॅस्टिकचे धागे मातीत उतरतात ते निघता निघत नाहीत. माझ्या आधीच्या माणसाने घातलेल्या गालिच्याचे निळे दोरे मला अजून गाजरांबरोबर सापडतात.

आणि तण उपटण्याआधी ते कोणतं आहे ते बघा. पांढऱ्याशुभ्र, शेवयांसारख्या मुळांची वेल असेल तर ते बाइंडवीड. त्याचा बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतं, आपल्याकडच्या कुंद्याची बहीण. पण पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसणारं, बदकाच्या पायाच्या आकाराच्या पानांचं रोप असेल तर थांबा. इंग्रज त्याला ‘फॅट हेन’ म्हणतात आणि उपटून फेकतात. आपण त्याला चाकवत म्हणतो! माझ्या शेजारच्या प्लॉटवर एक निवृत्त बसचालक आहेत. चाकवताचे भारे ते कंपोस्टात टाकायचे आणि मी ते तिथून उचलून आणायची. त्यांना वाटायचं, हिच्या घरी ससे आहेत. एकदा डबाभर ताकातला चाकवत नेऊन दिला, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि वरून लसणाची फोडणी घातलेला. आता ते चाकवत मला मागितल्याशिवाय देत नाहीत. पहिल्यांदा मात्र ओळखणारं माणूस बरोबर घ्या. आणि खत मारलेल्या जमिनीवरचा, उंच वाढून तुरे आलेला घेऊ नका, कोवळाच घ्या.

मेथीसाठी बियांची पाकिटं आणायची गरज नाही. वाण्याकडची मेथी रात्रभर भिजवून एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत थोडी थोडी पेरत राहा. चार-पाच आठवड्यांत जुडी निघते. मुंबईत वाळूतली ती बारीक मेथी मिळते ना, तशी हवी असेल तर उथळ ट्रेमध्ये रेती घालून दाट पेरा, खिडकीतही येते.

दुधीला काचेचं छप्पर लागेल. एप्रिलअखेर घरात रोप करा आणि जूनमध्ये ग्रीनहाउसमध्ये लावा. फुलं येतात पण दुधी धरत नाही, अशी दरवर्षी पाच-सहा पत्रं येतात. अहो, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. इथल्या मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात. तेव्हा जेवण झाल्यावर जा, नर फूल तोडा आणि ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो त्यावर टेकवा.

पावट्याचं मात्र वाईट वाटेल. त्याला फूल धरायला दिवस लहान लागतो आणि इथला जूनचा दिवस सोळा तासांचा. वेल ग्रीनहाउसच्या छताला लागते, सप्टेंबरात कुठे फुलायला घेते आणि ऑक्टोबरच्या थंडीत संपते. दोन वर्षं मी हट्ट केला, तिसऱ्या वर्षी सोडला. त्याऐवजी आत्ता, मार्चमध्ये, ब्रॉड बीन्स लावा. जूनच्या शेवटी शेंगा सोला, दाण्याची जाड सालही काढा आणि आतल्या हिरव्या डाळिंब्यांचं बिरडं करा. नारळ आणि कोकम घातल्यावर वाल नाहीत हे सांगावं लागतं. सोलापूरच्या सूनबाई कोकमाला नाक मुरडतील, त्यांना चिंच घालू द्या.

मावशी, मी लीड्सला असते. गेल्या हंगामात घोड्याच्या तबेल्यातून ट्रेलरभर शेणखत आणून घातलं. टोमॅटोची पानं वळून नेच्यासारखी बारीक झाली, घेवड्याचीही तीच गत. बुरशी म्हणून औषध मारलं, उपयोग शून्य. या वर्षी काय करू?

बाई गं, बुरशी नाही ती. तुझं खतच औषध प्यालेलं आहे.

कुरणात रुंद पानांचं तण मारण्यासाठी जी तणनाशकं मारतात त्यातली अमिनोपायरॅलिडसारखी काही गवतात टिकून राहतात. ते गवत किंवा वाळकी वैरण घोडा खातो, त्याला काही होत नाही, आणि ते तसंच्या तसं लिदीतून बाहेर पडतं. टोमॅटो, बटाटा, घेवडा, वाटाणा ही पिकं त्याला सगळ्यांत हळवी. अगदी थोड्या अंशानेही पानं पिळवटतात. २००८ मध्ये या देशात यावरून एवढा बोभाटा झाला की त्या औषधाची परवानगी काही काळ स्थगित केली होती. नंतर ते अटींसह परत आलं. तबेलेवाला खोटं बोलतो असं नाही. वैरण त्याने तिसऱ्याकडून घेतलेली असते, आणि त्या तिसऱ्याने शेतात काय मारलं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मीही यातून गेले आहे. सहा वर्षांपूर्वी ‘फुकट आहे, घेऊन जा’ म्हटल्यावर मी आणि आमचे हे, दोघांनी मिळून अठरा ढकलगाड्या ओढल्या. फुकटचं खत मला दोन वर्षांच्या टोमॅटोला पडलं.

या वर्षी त्या वाफ्यात मका लाव. तो गवताच्या कुळातला, त्याला हे बाधत नाही. माती अधूनमधून खालीवर कर. मातीतले जीव ते औषध हळूहळू फोडतात, पण शेणाच्या न कुजलेल्या गोळ्यात ते दबून राहतं, म्हणून ते गोळे मोड. त्या वाफ्यातला काडीकचरा सामाईक कंपोस्टात टाकू नकोस, नाहीतर तुझं दुखणं चाळीस जणांच्या ताटात जाईल. आणि यापुढे कुठलंही खत आणलंस, अगदी दुकानातल्या पिशवीतलं सुद्धा, तर आधी सहा कुंड्या कर. तिनात तुझी माती आणि ते खत, तिनात नुसती माती. सगळ्यांत ब्रॉड बीन्स पेर. महिन्याभरात पानं सांगतील. तो महिना फार वाटतो, पण दोन वर्षांपुढे काय आहे?

आदरणीय मावशी, बर्कशरमधल्या आमच्या साइटची मी सेक्रेटरी आहे. ४२ प्लॉट आहेत, त्यातले ११ पडीक. गेल्या महिन्यात काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं, ‘साइटच्या भविष्यातील वापराचा आढावा घेण्यात येत आहे’. घरं बांधणार असं सगळे म्हणतात. आम्ही सह्यांची मोहीम सुरू केली आहे, आठशे सह्या झाल्या. आणखी काय करावं?

आठशे सह्या कपाटात ठेव, पुढे कामी येतील. आधी एकच प्रश्न लेखी विचार : ही जागा ‘स्टॅट्युटरी’ आहे की ‘टेंपररी’?

हे दोन शब्द म्हणजे सगळा खेळ. काउन्सिलने जी जमीन अलॉटमेंटसाठीच विकत घेतली किंवा ठराव करून अलॉटमेंटकडे वळवली ती स्टॅट्युटरी. १९२५ च्या अलॉटमेंट कायद्याच्या ८ व्या कलमाप्रमाणे अशी जमीन केंद्रातल्या मंत्र्याच्या संमतीशिवाय काउन्सिलला विकता येत नाही, दुसऱ्या कामाला लावता येत नाही. उलट एखादी जमीन दफनभूमी वाढवायला किंवा रस्त्यासाठी घेतली आणि काम सुरू होईपर्यंत भाजी लावायला दिली, तर ती टेंपररी, मग तिथे चार पिढ्यांनी बटाटे काढलेले असोत. तिला ते ८ वं कलम लागू नाही. जमीन चर्चची किंवा खासगी मालकाची असेल तरी लागू नाही.

काउन्सिलमधल्या टेबलावरच्या पोराला हे माहीत असेलच असं नाही. तो तोंडी ‘टेंपररी’ म्हणाला तर मान डोलावून येऊ नकोस. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज कर. इथला तो कायदा २००० चा, आणि उत्तर द्यायला त्यांना कामाचे २० दिवस असतात. जमीन कधी, कुणाकडून, कशासाठी घेतली आणि त्याचा ठराव काय, एवढं माग. लँड रजिस्ट्रीतून उतारा काढ, थोडी फी पडते. मग जिल्ह्याच्या जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरात जाऊन काउन्सिलच्या सभांची जुनी इतिवृत्तं बघ. या कामाला तुमच्यातला एखादा निवृत्त माणूस लाव, ज्याला धुळीची ॲलर्जी नाही आणि घरी कुणी वाट बघत नाही.

कागदावर एवढी का बसते ते सांगते. मी वसईची. माझ्या आजोळी केळीची आणि पानवेलींची वाडी होती. मधोमध बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, त्यावर रहाट. सकाळी रहाटाची कुरकुर ऐकूनच जाग यायची. १९८० च्या दशकाच्या शेवटी वसईच्या हिरव्या पट्ट्यावर इमारती येणार असं दिसू लागलं तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मी तेव्हा विशीत. मोर्चात घसा फुटेस्तोवर ओरडले. चळवळीने पुष्कळ वाचवलं. आमची वाडी मात्र वाचली नाही, आणि त्याला बाहेरचं कुणी कारण नव्हतं. मामांपैकी तिघे नोकरीला लागले, वाडी शिंपायला माणूस मिळेना, दोन वर्षं रहाट बंद राहिला. बावखलात शेवाळ साचलं, मग डास झाले, मग लोकच म्हणायला लागले की बुजवून टाका. विकायची वेळ आली तेव्हा ती वाडी राहिलीच नव्हती, नुसती जागा होती. सातबारावर कुणाची नावं आहेत ते आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मोर्चाला जाणाऱ्या मला माझ्याच आजोळचा उतारा माहीत नव्हता.

म्हणून तुझ्या पत्रातला मला खुपलेला आकडा ४२ नाही, ११ आहे.

मंत्र्याची संमती मागताना काउन्सिलला दाखवावं लागतं की उठणाऱ्या प्लॉटवाल्यांची पर्यायी सोय केली आहे, किंवा तिची गरज नाही, किंवा ती करणं व्यवहारात शक्य नाही. वेटिंग लिस्टवर किती लोक आहेत हेही बघितलं जातं. काउन्सिलने अलॉटमेंटचा नीट प्रचार केला की नाही हेही. आता तूच सांग, चौथा हिस्सा पडीक असलेली साइट बघून ‘गरज नाही’ म्हणणं किती सोपं! आमच्या साइटवर नऊ पडीक होते. काउन्सिलच्या यादीत साठ नावं होती, पण यादी जुनी. मी आणि एका पोलिश बाईने वाटून घेऊन त्या सगळ्यांना फोन केले. निम्मे गाव सोडून गेलेले, काहींना आपण अर्ज केला होता हेच आठवेना. उरलेल्यांतले बरेच अडीच गुंठ्यांचं नाव ऐकूनच दचकले. मग आम्ही प्लॉट चिरले. पाच रॉड, अगदी अडीच रॉडसुद्धा. एका वसंतात नऊच्या नऊ गेले, उलट आता रांग आहे. तुम्हीही हे मेच्या आत करा. भाड्याची पावती प्रत्येकाच्या नावाची असू दे, आणि प्लॉटचे फोटो तारखेसह काढून ठेव.

नव्या लोकांना जागा अपुरी पडली तर आणखी एक हत्यार आहे. १९०८ च्या कायद्यात सोय आहे की गावातल्या सहा मतदारांनी किंवा काउन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी मिळून अलॉटमेंटची लेखी मागणी केली की काउन्सिलला तिची दखल घ्यावीच लागते. सहा! आपल्या भिशीतसुद्धा त्याहून जास्त बायका असतात.

प्लॉट सोडण्याच्या नोटिशीला घाबरू नका. साधारण नियम १२ महिन्यांचा आहे, आणि ती मुदत ६ एप्रिलला किंवा त्याआधी, नाहीतर २९ सप्टेंबरला किंवा त्यानंतर संपायला हवी, म्हणजे उभ्या पिकातून कुणाला उठवू नये. बांधकामासारख्या कारणासाठी कमी मुदतीचं कलमही करारात असू शकतं, तेव्हा चहा घेऊन सगळ्यांनी आपापला करारनामा एकदा वाचा. तुमच्यातल्या दोघांनीही तो वाचलेला नसेल, पैज लावते.

जागा टेंपररी निघाली तर हात टेकू नका. २०११ च्या कायद्याप्रमाणे ती ‘ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’ (लोकांच्या उपयोगाची जागा) म्हणून नोंदवायचा अर्ज करता येतो. नोंद पाच वर्षं टिकते. त्याने विक्री थांबत नाही, पण विकायला काढली तर तुम्हालाच ती घ्यायची तयारी करायला सहा महिन्यांपर्यंत वेळ मिळू शकतो.

आणि स्टॅट्युटरी निघाली तरी पेढे वाटू नका. वॉटफर्डच्या फार्म टेरेसला १८९६ पासून भाजी पिकत होती. हॉस्पिटलभोवतीच्या विकासासाठी ती जागा हवी झाली. मंत्र्याने संमती दिली, प्लॉटवाले कोर्टात गेले, संमती रद्द झाली. पुन्हा दिली, पुन्हा रद्द झाली. तिसऱ्यांदा दिलेल्या संमतीवर २०१६ मध्ये ते हरले. मला विचाराल तर त्या लोकांनी कमाल केली, कारण तेवढी वर्षं तिथे लोक पेरत राहिले. पण हॉस्पिटलचं नाव आलं की लोकांची सहानुभूती कुठे जाते ते ओळखून राहावं. पूर्व लंडनमधली मॅनर गार्डन अलॉटमेंट तर २००७ मध्ये ऑलिम्पिकसाठी रिकामी झाली. ऑलिम्पिकपुढे कोण कोबी मांडणार?

घरं नकोत असं मात्र पत्रकात लिहू नकोस. तुझ्याच साइटवर भाड्याच्या खोलीत राहणारे लोक असतील. त्यांना ‘घरं नकोत’ हे कसं ऐकायला येईल? ‘घरं हवीत आणि हा मळाही हवा, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यालाच मळ्याची जास्त गरज’ असं लिही. आठशे सह्यांबरोबर तेच पान जोड.

कागद हातात आले की मला कळव.

मी विरारची आजी. नातीने स्लाउला प्लॉट घेतलाय. तिला आमच्याकडच्या गावठी वांग्याचं बी पोस्टाने पाठवू का? की येताना पर्समधून आणू?

आजी, दोन्ही नको. बाहेरच्या देशातलं पेरणीचं बी आणायला बहुतेक वेळा तिथल्या कृषी खात्याचं आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. वांगं तर टोमॅटो-बटाट्याच्या कुळातलं. बियांबरोबर एखादा रोग आला तर नातीचाच नाही, सगळ्या साइटचा टोमॅटो बसेल. आपली हौस, आणि शेजारणीच्या मळ्याला दुखणं. इथे बियांच्या दुकानांत लांबट वांग्यांबरोबर लहान गोल जातीही मिळतात, त्या ग्रीनहाउसमध्ये चांगल्या येतात. तुम्ही बी पाठवू नका, भरल्या वांग्याचा मसाला पाठवा. नातीला फोनवर सांगा, फेब्रुवारीत पेरायचं राहिलं असेल तर आता रोपच विकत आण.

ता.क. म्हणून एकीने विचारलंय : गोगलगायींसाठी सासऱ्यांच्या शेडमध्ये निळ्या गोळ्यांचा जुना डबा सापडला, वापरू का?

डब्यावर ‘मेटाल्डिहाइड’ लिहिलं असेल तर नाही. इथे ते उघड्यावर वापरायला २०२२ च्या वसंतापासून बंदी आहे. साळिंदरासारखे काटे असलेला तो इथला हेजहॉग आणि पक्षी त्याने मरत होते. डबा कचऱ्याच्या पेटीत टाकू नको, काउन्सिलच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दे. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, थोड्याच टाक. पण खरा उपाय म्हणजे पाऊस पडून गेल्यावर रात्री दहाला टॉर्च आणि झाकणाची बादली घेऊन जाणं. मी जाते. गेल्या मेमध्ये एका रात्रीत एकशे सदतीस मोजल्या, मग मोजणं सोडलं. गेटची किल्ली बरोबर घे, आणि टॉर्चमध्ये नवीन सेल घाल.